झीलकऱ्याचा पोवाडा

आमचे नाना झीलकरी होते. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. आमचं गाव कऱ्हाडच्या बाजूला, आणि तिथल्याच एका शाहिरांच्या पार्टीत नानांनी वीस-बावीस वर्षं तुणतुणं वाजवलं, झील धरली. मधे डफ घेतलेले शाहीर, त्यांच्या उजव्या अंगाला ढोलकी, डाव्या अंगाला अर्धं पाऊल मागे नाना, आणि नानांच्या पलीकडे झांजवाला. शाहीर ओळ फेकायचे. ओळ संपता संपता तिचं टोक नाना धरायचे आणि ‘जी रं जी जी’ करत उंच नेऊन सोडायचे. तेवढ्यात शाहिरांचा दम घेऊन व्हायचा, घाम पुसून व्हायचा, कधी पुढची ओळ आठवून व्हायची. लोकांची नजर शाहिरांवरून हलायची नाही. नाना कुणाला दिसायचेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

मला ते फार लागायचं. सातवीत असताना मी एकदा विचारलंच, ‘नाना, तुम्हाला सगळे पोवाडे पाठ आहेत. मग तुम्ही का नाही म्हणत?’ ते ओसरीवर बसून तुणतुण्याची खुंटी पिळत होते. कानाशी धरून त्यांनी तार दोनदा छेडली, मग म्हणाले, ‘आरं, शाहिराला दम घ्यायला जागा लागती. ती जागा म्हंजी आपुन.’

नानांचं हे बोलणं मला पुढे कितीतरी वर्षांनी अमेरिकन कॉमिक्सचा इतिहास वाचताना पुन्हा भेटलं. बॅटमॅन जन्मला १९३९ साली. रात्री हिंडणारा, काळ्या कपड्यांतला, एकटा. त्याच्या गोष्टी लिहिणारा बिल फिंगर लवकरच एका अडचणीत सापडला. या माणसाने बोलायचं कुणाशी? गुन्हेगाराचा माग काढताना त्याच्या डोक्यात जे चाललंय ते वाचकाला कळायचं कसं? शेरलॉक होम्सला वॉटसन होता, तसं कुणीतरी हवं होतं. मग १९४० साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात रॉबिन आला: डिक ग्रेसन, सर्कशीत झुल्यावर काम करणाऱ्या आईबापांचा पोरका झालेला पोरगा. लाल-हिरवे कपडे, पिवळी केप, ओठांवर कायम काहीतरी बोलणं. बॅटमॅनला दम घ्यायला जागा मिळाली.

ती युक्ती इतकी चालली, की पुढच्या काही वर्षांत बहुतेक नायकांच्या डाव्या अंगाला एकेक पोरगा येऊन उभा राहिला. कॅप्टन अमेरिकाला तर १९४१च्या पहिल्या अंकापासूनच बकी होता.

फिंगरबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बॅटमॅनची केप, चेहरा झाकणारा तो टोकदार कानांचा मुखवटा, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे शहर, यातलं पुष्कळसं फिंगरने सुचवलेलं. पण बॅटमॅनवर नाव लागत राहिलं एकट्या चित्रकार बॉब केनचं. करारच तसा होता. फिंगर १९७४ साली गेला. बॅटमॅनच्या निर्मात्यांमध्ये त्याचं नाव अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडलं. ७६ वर्षं. ज्याने नायकाला सोबती दिला तो स्वतः आयुष्यभर मागच्या रांगेत राहिला, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. नानांचे सगळे कार्यक्रम डोळ्यांसमोरून गेले. त्या पार्टीच्या कुठल्याही हँडबिलावर नानांचं नाव कधी आलं नाही. ‘आणि सहकारी’ एवढंच यायचं.

लहानपणी माझ्या हातात अमेरिकन सुपरहिरो आले नाहीत. आमच्याकडे होतं इंद्रजाल कॉमिक्स, मराठीतलं. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या एका लायब्ररीत कोपऱ्यात गठ्ठा असायचा. कव्हरं गेलेली, पानांना तेलाचे डाग, मधलं एखादं पान कुणीतरी फाडून नेलेलं. सगळी पोरं वेताळावर तुटून पडायची. मी मँड्रेकचे अंक शोधायचो, आणि तेही मँड्रेकसाठी नाही, लोथारसाठी. मँड्रेक जादूगार, त्याच्या बोटांच्या इशाऱ्यावर लोकांना नसलेलं दिसायचं. पण दार तोडायचं असलं, दहा जणांना अडवायचं असलं, बेशुद्ध माणूस खांद्यावर टाकून पळायचं असलं, की लोथार. आणि हा लोथार कोण, तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या राज्यसंघाचा राजपुत्र! सिंहासन सोडून तो मँड्रेकबरोबर हिंडत होता.

का सोडलं असेल? हा प्रश्न मला तेव्हापासून आहे. ली फॉकने १९३४ साली ही चित्रकथा सुरू केली, तेव्हाचा लोथार बिबट्याचं कातडं गुंडाळून हिंडणारा, मोडकंतोडकं बोलणारा होता. त्या काळच्या गोऱ्या अमेरिकेला काळा माणूस जसा पाहायची सवय होती, तसा. साठच्या दशकात चित्रकार बदलला तेव्हा त्याचे कपडे बदलले, भाषा सुधारली, तो मित्र वाटू लागला. तरीही गोष्ट मँड्रेकचीच राहिली. राज्य सोडून आलेल्या माणसाला रात्री झोपताना घर आठवतं का, तिकडे त्याची वाट पाहणारं कुणी आहे का, हे त्या चौकटींमध्ये मला कधी सापडलं नाही. मी ते वहीत लिहायचो. दुरेघी वहीची मागची पानं. लोथार परत जातो, गावाच्या वेशीवर म्हातारी आई उभी असते, वगैरे. माझ्यापुरता तो लोथारचा सिनेमाच होता.

म्हणून एखाद्या सोबत्याला स्वतःचा सिनेमा मिळतोय असं ऐकलं, की आजही माझं काळीज हलतं. आणि बहुतेक वेळा तो सिनेमा बघून मी जड मनाने बाहेर येतो.

कारण बनवणाऱ्यांचा हिशेब साधा असतो. दुय्यम पात्र लोकांना आवडलंय ना, मग त्याला उचलून मधोमध उभं करा. आणि मधोमध उभं करायचं म्हणजे आधी त्याला मूळ नायकापासून तोडा, कारण नायक दिसला तर लोक त्यालाच बघतील. १९९७ साली ‘स्टील’ नावाचा चित्रपट आला. कॉमिक्समध्ये हा जॉन हेन्री आयर्न्स. सुपरमॅनने एकदा त्याचा जीव वाचवलेला असतो. सुपरमॅन मेल्यावर हा माणूस स्वतःच्या हाताने पोलादी चिलखत घडवतो, हातात घण घेतो आणि छातीवर सुपरमॅनचं चिन्ह लावून रस्त्यावर उतरतो. त्याच्या अंगात कसलीही शक्ती नाही. उपकार फेडायचेत, एवढंच आहे. पडद्यावर आणताना त्यातून सुपरमॅन काढून टाकला. छातीवरचं चिन्हही काढलं. राहिलं काय? पोलादी चिलखतातला एक उंच माणूस. बास्केटबॉलचा एवढा मोठा खेळाडू शकील ओनील त्यात होता, तरी लोक फिरकले नाहीत. ऋणच काढून घेतल्यावर त्या चिलखताला अर्थ काय राहणार?

२००४च्या ‘कॅटवुमन’चं तेच झालं. बॅटमॅन नाही, एवढंच काय, सेलिना काइल हे तिचं नावसुद्धा नाही. हॅली बेरीसारखी ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री, आणि तिच्या हाती दिलेलं एक रिकामं कातडं. बॅटमॅन आणि कॅटवुमन १९४०पासून गच्च्यांवर एकमेकांचा पाठलाग करत आलेत. त्या पाठलागातच ती बाई आहे. पाठलाग काढला की तीही गेली.

इथे मला नानांची ती रात्र सांगितली पाहिजे.

मी नववीत होतो. गावच्या जत्रेचा कार्यक्रम. दुपारपासून शाहिरांचा घसा बसलेला. ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, आवाज फुटेना. समोर पटांगण भरलेलं, शेजारच्या गावांतून बैलगाड्या आलेल्या. पंच म्हणाले, कार्यक्रम रद्द करता येणार नाही. तेव्हा शाहिरांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मानेनेच खूण केली.

मला वाटलं, आता नाना मधे येणार. माझी छाती फुगली होती. पडदा सरकला तर मधे शाहीरच उभे, डफ घेऊन, गळ्याला मफलर. आणि नाना त्यांच्या जागी. डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे, हातात तुणतुणं. शाहिरांनी डफावर थाप मारली आणि आवाज आला डावीकडून.

पोवाडा प्रतापगडाचा होता, अफझलखानाच्या वधाचा. तो आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. पण त्या रात्री तो वेगळाच झाला. शाहीर म्हणायचे तेव्हा खानाचं येणं, महाराजांचं तेज, ती भेट, यांवर सगळा जोर असायचा. नानांच्या गळ्याला ओळीची सुरुवात करायची सवयच नव्हती. वर्षानुवर्षं त्यांनी ओळींची टोकं धरलेली. म्हणून ते प्रत्येक ओळीच्या टोकाशी रेंगाळत होते. आणि सय्यद बंडाने वार उगारला, जिवा महालाने तो वरच्यावर छाटला, त्या कडव्यापाशी आल्यावर नाना थांबले. तेच कडवं त्यांनी पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी तर फक्त जिवाचे डोळे कुठे होते ते सांगितलं. सगळी दुनिया महाराजांकडे आणि खानाकडे बघत होती, जिवा मात्र सय्यद बंडाच्या मनगटाकडे बघत होता. ती ओळ मूळ पोवाड्यात नव्हती. नानांनी उभ्या उभ्या रचली होती. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण आपण बोलताना सहज वापरून टाकतो. त्या रात्री पटांगणातल्या बायाबापड्यांनी ती पहिल्यांदा पाहिली.

मधे उभ्या राहिलेल्या माणसाला सय्यद बंडाचं मनगट दिसत नाही. ते अर्धं पाऊल मागे उभ्या असलेल्यालाच दिसतं. सोबत्याचा सिनेमा काढायचा तर तो या नजरेचा काढावा, एवढंच माझं मागणं आहे. त्याला मधे आणू नका. तो उभा आहे तिथून त्याला काय दिसलं, ते त्याला म्हणू द्या.

हार्ली क्विनचं उदाहरण मला यासाठी आवडतं. ती मुळात कॉमिक्समधलीसुद्धा नाही. १९९२ साली बॅटमॅनच्या टीव्हीवरच्या कार्टून मालिकेत त्याचा शत्रू जोकर याची एक हस्तक म्हणून ती आली, लोकांना आवडली म्हणून राहिली, आणि मग उलटी कॉमिक्समध्ये गेली. २०२०चा ‘बर्ड्स ऑफ प्रे’ सुरू होतो तोच जोकरने तिला घराबाहेर काढल्यापासून. जोकर पडद्यावर फारसा दिसत नाही, पण चित्रपटभर त्याची नसलेली सावली आहे. ही त्याची माणूस आहे म्हणून आजवर तिला कुणी हात लावत नव्हतं. आता ती त्याची नाही हे गावभर कळताच जुने हिशेब चुकते करायला जो तो तिच्या मागे लागतो. मोठ्या माणसाच्या सावलीत राहणं म्हणजे नुसतं दबून राहणं नसतं, तिथे ऊनही लागत नाही, हे या चित्रपटाला कळलेलं आहे. आणि त्यातलं ते अंड्याचं सँडविच! कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तव्यावर अंडं पडतं, चीज वितळतं, ती दोन्ही हातांनी सँडविच जपून धरते, आणि पहिला घास घ्यायच्या आत ते रस्त्यावर पडतं. स्वतःच्या पैशाने, स्वतःसाठी घेतलेली एक गोष्ट. त्या पडलेल्या सँडविचकडे ती ज्या नजरेने बघते, तेवढ्यात तिचं सगळं आयुष्य कळतं. चित्रपट तिकीटबारीवर फार चालला नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

रॉबिनचं काय? ८० वर्षं उलटून गेली, अजून खऱ्या माणसांनी केलेला त्याचा स्वतःचा चित्रपट पडद्यावर आलेला नाही. १९९५ आणि १९९७च्या चित्रपटांत तो होता, बॅटमॅनच्या जोडीने. दुसरा इतका आपटला की पुढचं सगळं बारगळलं. २०१२च्या ‘द डार्क नाइट राइजेस’मध्ये एक तरुण पोलीस सबंध चित्रपटभर आपल्याला आवडत जातो आणि अगदी शेवटी कळतं, त्याचं खरं नाव रॉबिन. तो गुहेत शिरतो, पाण्याखालून चौथरा वर उचलला जातो, आणि संपलं. जिथून त्याची गोष्ट सुरू व्हायची तिथेच दिवे लागले.

२०१८ साली लहान मुलांसाठी ‘टीन टायटन्स गो! टू द मूव्हीज’ हा कार्टूनपट आला. त्याची गोष्टच ही आहे: सगळ्यांचे सिनेमे निघतात, बॅटमॅनच्या नोकराचा निघतो, गाडीचा निघतो, कमरेच्या पट्ट्याचासुद्धा निघतो, रॉबिनचा निघत नाही. थिएटरातली पोरं खदखदून हसत होती. माझी लेकही. मला मात्र घशाशी आवंढा आला होता. त्या पोराचं तोंड इतकं पडलेलं होतं.

आणि वाचकांनी रॉबिनशी काय केलं ते आठवलं की अंगावर काटा येतो. पहिला रॉबिन मोठा होऊन १९८४ साली नाइटविंग नावाचा स्वतंत्र नायक झाला. त्याच्या जागी आलेला जेसन टॉड लोकांना फारसा आवडेना. १९८८ साली कंपनीने त्याला स्फोटात अडकवलं आणि दोन फोन नंबर दिले: जगवायचा असेल तर हा, मारायचा असेल तर तो. एका फोनला ५० सेंट. जगवा म्हणणारे ५,२७१ निघाले, मारा म्हणणारे ५,३४३. फरक ७२ मतांचा. ते पोर मेलं. नायकावर असं मतदान कुणी घेतलं नसतं. सोबत्याचा जीव कायम असा दुसऱ्यांच्या मर्जीवर, आणि चित्रपटवाल्यांना याहून मोठी गोष्ट कुठे मिळणार आहे, हे मला कळत नाही. कॉमिक्समध्ये जेसन २००५ साली परत आला, संतापलेला. त्याचा संताप अगदी रास्त होता.

बायकांच्या वाट्याला तर त्याहून उशीर आला. अव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीतली हेर ब्लॅक विडो २०१०पासून प्रत्येक मोठ्या लढाईत होती. तिचा स्वतःचा चित्रपट २०२१ साली आला, तिला २०१९च्या ‘अव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये मारून झाल्यावर. जिवंतपणी वेळ मिळाला नाही, मग गेल्यावर जुनी गोष्ट उकरून सांगितली. बॅटगर्लचा तर चित्रीकरण झालेला, सुमारे ९ कोटी डॉलर खर्च झालेला चित्रपट २०२२ साली कंपनीने कायमचा पेटीत टाकला. करात सूट मिळते म्हणून. लेस्ली ग्रेस नावाच्या तरुण मुलीने त्यात जीव ओतला होता. तो कुणीच बघणार नाही.

आता सॅम विल्सन. हा सगळा लेख मी खरं तर त्याच्यासाठी लिहायला घेतला.

फाल्कन म्हणजे सॅम विल्सन, १९६९ साली ‘कॅप्टन अमेरिका’च्या ११७व्या अंकात आला. अमेरिकेच्या मोठ्या कॉमिक्समधला पहिला आफ्रिकन-अमेरिकन सुपरहिरो. ब्लॅक पँथर त्याच्या तीन वर्षं आधीचा, पण तो आफ्रिकेतल्या एका काल्पनिक देशाचा राजा. सॅम न्यूयॉर्कच्या हार्लेमचा. दोन वर्षांत मासिकाच्या नावातच ‘आणि फाल्कन’ आलं. ‘आणि सहकारी’ पेक्षा बरं म्हणायचं. स्वतःच्या एकट्याच्या नावाची चार अंकांची मालिका मिळायला १९८३ उजाडलं. २०१४ साली कॉमिक्समध्ये कॅप्टन अमेरिकाची ढाल, म्हणजे ती जागाच, त्याच्या हाती आली आणि त्याच वर्षी अँथनी मॅकीच्या रूपात तो पडद्यावर पहिल्यांदा दिसला.

तो पहिला प्रसंग मी कितीदा तरी पाहिलाय. पहाटेचं वॉशिंग्टन, तळ्याकाठी सॅम धावतोय, जीव खाऊन. मागून कॅप्टन येतो आणि ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणून डावीकडून सूं करून निघून जातो. पुन्हा येतो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सॅम वैतागतो, हसतोही. मैत्री तिथेच जुळते. पाच वर्षांनी ‘एंडगेम’मध्ये कॅप्टन एकटा उरलेला असतो, ढाल तुटलेली, समोर अफाट सैन्य, आणि त्याच्या कानात सॅमचा आवाज येतो: ‘ऑन युअर लेफ्ट.’ मग डाव्या अंगाला उजेडाचं एक कडं उघडतं. सगळं थिएटर शिट्ट्या वाजवत होतं. मला नाना दिसत होते, तुणतुणं घेऊन.

त्यानंतर म्हातारा झालेला कॅप्टन आपली ढाल सॅमच्या हातात देतो. कशी वाटतेय, विचारतो. दुसऱ्या कुणाची तरी वाटते, असं सॅम म्हणतो. इथून पुढे २०२१ साली सहा भागांची मालिका आली, ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’. माझ्या मते सोबत्याला कसं उभं करावं याचा धडा तिच्यात आहे. सॅम ती ढाल ठेवूनच घेत नाही. संग्रहालयाला देऊन टाकतो. आणि गावी जातो, लुइझियानात, बहिणीकडे. आईबापांच्या नावाची मासेमारीची जुनी बोट आहे, तिची दुरुस्ती करायचीय, म्हणून भाऊ-बहीण बँकेत कर्ज मागायला जातात. समोरचा माणूस सॅमला ओळखतो, हरखून जातो, फोटो घेऊ का विचारतो. मग कागद चाळतो आणि सांगतो, कर्ज बसत नाही.

जगाला वाचवणाऱ्या माणसाचा पगार कुठून येतो, हे आजवर कुठल्या सुपरहिरोच्या चित्रपटाने विचारलं होतं? मधल्या माणसाला हे प्रश्न पडत नाहीत. ते बाजूच्यालाच पडतात. नानांना कार्यक्रमाची बिदागी मिळायची ती शाहिरांनी वाटलेली. काकूंनी कधी तक्रार केली नाही, पण शाळेची फी भरायच्या दिवसांत त्या घरात फार कमी बोलायच्या. बँकेतल्या त्या प्रसंगात सॅमची बहीण टेबलापलीकडे बघत गप्प बसते ना, मी तिला ओळखतो.

त्याच मालिकेत आयझाया ब्रॅडली नावाचा म्हातारा आहे. काळ्या सैनिकांवर सरकारने गुपचूप प्रयोग केले, त्यातून वाचलेला. त्याने पराक्रम केला, आणि त्याला ३० वर्षं तुरुंगात डांबून सुया टोचल्या. काळ्या माणसाला हे लोक कॅप्टन अमेरिका कधी होऊ देणार नाहीत, असं तो सॅमच्या तोंडावर सांगतो, आणि स्वाभिमान असलेला कुठला काळा माणूस ते होऊ तरी कशाला बघेल, असंही. त्यानंतर सॅम घरामागच्या झाडांमध्ये एकटा ढाल फेकायचा सराव करतो. ढाल बुंध्यावर आपटून भलतीकडे जाते. पडतो, उठतो. त्याच्या रक्तात कॅप्टनसारखं ताकद देणारं कसलंही औषध नाही. गावातले लोक येऊन बोटीला हातभार लावतात, तसं बोटही तरंगू लागते आणि ढालही हातात बसू लागते. सगळं सावकाश. ती सावकाशी मला फार मोलाची वाटली.

मग २०२५च्या फेब्रुवारीत मोठा चित्रपट आला, ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’. ११ वर्षं वाट पाहून. लेकीला घेऊन पहिल्याच रविवारी गेलो. आणि मला दुःखाने सांगावं लागतंय, की सॅमला त्याच्या स्वतःच्या चित्रपटात दुसऱ्यांची उधारी फेडायला लावली. २००८च्या हल्कच्या चित्रपटातला जनरल रॉस, त्याच चित्रपटात अर्धवट सुटलेला शास्त्रज्ञ स्टर्न्स, २०२१च्या ‘इटर्नल्स’मध्ये समुद्रात राहून गेलेला तो अवाढव्य पुतळा, सगळ्यांचे जुने धागे सॅमच्या गळ्यात. बहीण नाही, बोट नाही, गाव नाही. दोन तासांत हा माणूस एकदाही घरी जात नाही.

तरी दोन ठिकाणी तो चित्रपट खरा होतो. सॅमचा चेला होआकिन टोरेस, नवा फाल्कन, लढाईत जबर जखमी होतो. शस्त्रक्रिया चालू आहे, सॅम बाहेर बसलाय आणि म्हणतो, आपण ते औषध घ्यायला हवं होतं, चूक केली. त्याच्या शेजारी जुना बकी येऊन बसतो. दोघेही एकाच माणसाचे झीलकरी. मधला माणूस आता नाही. कॅप्टनने लोकांना विश्वास ठेवायला काहीतरी दिलं, तू त्यांना आपणही तसं व्हावं असं वाटायला लावतोस, अशा अर्थाचं बकी बोलतो. आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष झालेला रॉस लाल राक्षस होऊन वॉशिंग्टन उद्ध्वस्त करत सुटतो, तेव्हा सॅम त्याला चेरीच्या फुललेल्या झाडांपाशी नेतो. जिथे रॉस कधी आपल्या मुलीबरोबर फिरायचा. ताकदीने तो हरणार नाही हे सॅमला माहीत आहे. तो त्याच्याशी बोलतो. लष्करातून परतलेल्या जखमी मनांच्या सैनिकांशी वर्षानुवर्षं बोललेला माणूस आहे हा, त्याची मूळची ओळखच ती. रॉस पहिल्यांदा दम घेतो. पुन्हा माणूस होतो.

सॅमने त्याला दम घ्यायला जागा दिली! मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. चित्रपटभर ज्या गोष्टीची वाट पाहत होतो ती पाच मिनिटं का होईना मिळाली होती.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये लेक म्हणाली, ‘बाबा, तो होआकिन मला जास्त आवडला. त्याला मिळेल का पिक्चर?’

‘मिळाला तर जाऊ.’

‘त्याला विचारायला पाहिजे, सॅमकडे बघताना त्याला काय वाटतं ते.’

घरी आल्यावर मी तिला एक गोष्ट ऐकवली, जी बरेच दिवस ऐकवायची होती. पार्टीच्या एका कार्यक्रमाची कॅसेट गावातल्या कुणीतरी भरली होती. तिची फीत दोनदा तुटली, सेलोटेपने जोडली, शेवटी मी ती फोनवर उतरवून घेतली. खरखर खूप आहे. मधेच कुणाचं तरी लहान मूल रडतं. शाहिरांचा आवाज वर, स्वच्छ, आणि त्याच्यामागे झील. झांजवाल्याचा आवाज जाड, भरड. नानांचा बारीक, ओळीच्या टोकाला थोडा वर चढणारा.

तिने नानांना पाहिलेलं नाही. कानाला फोन लावून ती डोळे मिटून बसली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. शाहीर एका ओळीशी थांबले, दम घेतला, आणि तिने एकदम बोट वर केलं.

‘हे? हे बारीक आवाजातले?’

‘हो. तेच.’

तिने ते मागे नेऊन पुन्हा लावलं.